शेततळ्यात मासे, ठिबकवर मोसंबी: आधी पाण्याचा हिशेब

अंबड तालुक्यातल्या (जि. जालना) एका मोसंबी बागायतदाराने विचारलं आहे: "माझं ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे. पावसाचं आणि विहिरीचं पाणी मिळून ते सप्टेंबरात भरतं. विहीर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालते, तोवर तळं भरलेलंच राहतं. पुढे दोन एकर मोसंबीची सगळी भिस्त तळ्यावर, आणि मे महिन्यात तळ दिसतो. यात मासे सोडावेत का? सोडले तर बागेला पाणी कमी पडेल का? ठिबक चोंदेल का? आणि माशांच्या पाण्याने खताचा खर्च वाचतो म्हणतात, ते कितपत खरं?"

दादा, मासे जरूर सोडा. मात्र बागेच्या पाण्याचं वेळापत्रक आधी कागदावर मांडा आणि मासे त्यात बसवा. माशांसाठी म्हणून बागेचं पाणी राखायला लागलात तर हा धंदा आतबट्ट्याचा होईल. कोरडवाहू पट्ट्यात शेततळ्यातली मत्स्यशेती फसते ती बहुतेक वेळा रोगाने किंवा खाद्याने नव्हे, तर एप्रिलमध्ये झाडं आणि मासे एकाच पाण्यावर हक्क सांगू लागतात म्हणून. त्या भांडणात झाडच जिंकतं आणि जिंकायलाही हवं, कारण पंधरा वर्षांचं झाड वाळलं तर परत उभं राहत नाही.

आता आकडे. तुमच्या तळ्याचा उतार एकास एक असेल तर तळाशी २४ बाय २४ मीटर जागा उरते आणि काठोकाठ भरल्यावर तळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. मोसंबीच्या मोठ्या झाडाला उन्हाळ्यात रोज सरासरी ९०–१०० लिटर पाणी धरलं आणि दोन एकरांत २२० झाडं धरली, तर बागेला रोज वीस हजार लिटरच्या पुढे-मागे लागेल. त्याच्या वर उन्हाने उडणारं पाणी. मराठवाड्यात फेब्रुवारी ते मे या काळात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला ६ ते १० मिलिमीटर नुसत्या बाष्पीभवनाने उतरते. तुमच्या तळ्यावर हे रोजचे पाच ते सात हजार लिटर झाले. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून रोज २६ हजार लिटर पाणी जाणार. या हिशेबाने मार्चच्या मध्याला तळ्यात दोन मीटरच्या जरा वर पाणी राहील, एप्रिलच्या मध्याला जेमतेम एक मीटर, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात तळ दिसेल. तुम्ही सांगता तेही हेच, तेव्हा हिशेब जुळतो आहे.

यातली एक गोष्ट नीट बघा. बाष्पीभवनाचं पाणी मासे असोत-नसोत जाणारच आहे. मासे स्वतः पाणी संपवत नाहीत. माशांची पाण्यातली खरी किंमत म्हणजे त्यांना जगवायला तळाशी ठेवावं लागणारं राखीव पाणी. सल्ला देणारे सहज सांगून जातात, "कमीत कमी दीड मीटर पाणी कायम ठेवा." तुमच्या तळ्यात तळाचा दीड मीटर म्हणजे पावणेदहा लाख लिटर, एकूण पाण्याच्या ४४ टक्के. एक मीटर ठेवायचं म्हटलं तरी सव्वासहा लाख लिटर, म्हणजे तुमच्या बागेचं चार आठवड्यांचं पाणी, तेही ऐन एप्रिल-मे महिन्यांतलं. अडीच-तीनशे किलो माशांसाठी कोण देईल एवढं? म्हणून मी कोरड्या भागात 'राखीव पाणी ठेवा' हा सल्ला देतच नाही. पाणी एक मीटरवर यायच्या आत मासे बाजारात गेले पाहिजेत. तुमच्यापुरती ही मुदत १५ मार्च ते १५ एप्रिल. निम्मे मासे मार्चअखेर काढायचे, म्हणजे उरलेल्यांना कमी पाण्यात, वाढत्या उन्हात श्वास घ्यायला जागा राहते.

हे सगळं आंबे बहाराला (जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्याला) धरून सांगितलं. तुम्ही मृग बहार (जून-जुलैचा फुलोरा) धरत असाल तर गणित पार बदलतं. एप्रिल-मेमध्ये बाग ताणावर असते, पाणी तोडलेलं असतं, आणि तळ्यातलं पाणी त्या दोन महिन्यांत फक्त उन्हाने उतरतं. तेव्हा मासे मे महिन्यापर्यंत ठेवता येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला होणारी चांगली वाढ पदरात पडते. बहार ठरवायचा तो मोसंबीच्या बाजारावर आणि विहिरीच्या पाण्यावरच. माशांपायी बहार बदलू नका. पण मृग बहारवाला शेजारी तुमच्यापेक्षा दुप्पट मासे काढतो तो हुशारीने नव्हे, एवढं लक्षात असू द्या.

आता मुदतीचा दुसरा भाग. सप्टेंबरच्या सुरुवातीला मासे सोडले आणि मार्चच्या मध्यापासून काढायला घेतले, तर हातात साडेसहा महिने येतात. त्यातले डिसेंबर-जानेवारी जवळपास वाया जातात. पाण्याचं तापमान २० अंशांच्या खाली गेलं की कटला-रोहूची भूक मंदावते, आणि आपल्याकडे थंडीत पहाटे पाणी तेवढं गार होतंच. खऱ्या वाढीचे महिने साडेचारच. एवढ्यात पाच-सात ग्रॅमची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली तर मार्चमध्ये पाव किलोच्या आसपासचा मासा निघतो. व्यापारी त्याच्याकडे बघून नाक मुरडतो आणि भाव पाडतो. मी जे अपेशी प्रयोग पाहिले त्यातल्या बहुतेकांचं कारण हेच: बी, म्हणजे सोडलेली पिल्लं, बारीक.

म्हणून बी मोठं घ्या, वर्षभर दाटीत वाढवलेलं, १०० ग्रॅमच्या आसपासचं. मासा दाटीत आणि कमी खाद्यावर ठेवला की खुरटतो, पण मरत नाही, आणि मोकळ्या पाण्यात गेला की झपाट्याने अंग धरतो. आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या भागातले मत्स्यशेतकरी अशाच मोठ्या बीवर धंदा करतात. आपल्याकडे असं बी मागून मिळत नाही, ही खरी अडचण. सरकारी मत्स्यबीज केंद्रांवर पावसाळ्यात मत्स्यजिरे (जिऱ्याएवढी पिल्लं) आणि बोटुकली मिळते, मोठं बी क्वचित. त्यावरचा उपाय गावातच शोधावा लागतो. ज्याच्याकडे बारमाही पाणी आहे, मग ती आटत नसलेली जुनी विहीर असो की पाझर तलावाखालचं लहान तळं, त्याने एका ऑगस्टमध्ये बोटुकली घेऊन पुढच्या ऑगस्टपर्यंत सांभाळायची आणि आसपासच्या आठ-दहा शेततळ्यांना विकायची. त्याला यात माशांच्या विक्रीपेक्षाही बरे पैसे मिळतात. कडवंचीसारखं एकाच शिवारात शेकड्यांनी शेततळी असलेलं गाव तुमच्याच जिल्ह्यात आहे. तशा गावांत हे सहज जमण्यासारखं आहे.

जाता जाता: कटला-रोहूचं बारीक बी आज इतक्या सहज मिळतं ते डॉ. हिरालाल चौधरी यांच्यामुळे. कटला-रोहू साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ ला ओडिशात त्यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काची सुई देऊन या कुळातल्या माशांकडून हुकमी अंडी घालून घेतली. १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्यावरूनच. त्याआधी बंगालच्या नद्यांतून बी गोळा करून ते रेल्वेने हंड्यांतून देशभर जायचं.

किती सोडायचे? तुमच्या तळ्याचं वरचं क्षेत्र नऊ गुंठे. हवा घालणारं यंत्र नसेल तर ५०० नग पुरे. हजार-दोन हजार सोडा म्हणणारा बी विकणारा असतो. या ५०० मध्ये २०० कटला, २३० रोहू आणि ७० मृगळ असं प्रमाण ठेवा. पुस्तकात मृगळ ३० टक्के दिलेला असतो, पण तो मातीच्या तळ्याचा हिशेब आहे. मृगळ तळाच्या चिखलात चरतो, आणि प्लास्टिकवर चिखल नसतो. रोहू मिळाला तर 'जयंती' घ्या. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने निवडीने तयार केलेला वाण आहे, वाढीला साध्या रोहूपेक्षा सरस. बांधावर नेपियर किंवा लसूणघास असेल तर दहा-पंधरा गवत्या (ग्रास कार्प) सोडायला हरकत नाही. घास कापून टाकला की तो खातो आणि त्याच्या विष्ठेवर बाकीच्यांचं प्लवंग, म्हणजे पाण्यातलं बारीक जिवंत अन्न, वाढतं.

चिलापीच्या (तिलापियाच्या) नादी लागू नका. उजनीच्या पाण्यात तिने देशी माशांचं काय केलं ते भीमाकाठच्या कोणालाही विचारा. 'गिफ्ट' तिलापियाचं सर्व नरांचं बी परवानगी घेऊन सोडता येतं, पण त्याचा व्याप वेगळा. नर-मादी मिसळलेलं साधं बी सोडलं तर सहा महिन्यांत तळं बारीक पिलांनी भरतं आणि एकही मासा विकण्याजोगा होत नाही. थाई मांगूर कोणी गळ्यात मारत असेल तर दारातूनच परत पाठवा, त्यावर बंदी आहे. बायोफ्लॉकच्या, म्हणजे दाटीत मासे पाळायच्या, टाक्या विकणारेही तुमच्याकडे येतील. त्या टाक्यांना चोवीस तास वीज लागते. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

प्लास्टिकच्या तळ्यातलं पाणी सुरुवातीला काचेसारखं स्वच्छ असतं. बघायला छान, माशाला उपाशी. मातीतून येणारी सुपीकता इथे नाही, ती घालावी लागते. आठवड्याला १५–२० किलो ताजं शेण गोणपाटात बांधून एका कोपऱ्यात दोरीने लोंबकळत ठेवा. सत्त्व पाण्यात उतरतं, काडीकचरा गोणपाटातच राहतो आणि तुमचा फिल्टर वाचतो. पाण्याचा रंग फिकट हिरवा किंवा तपकिरी झाला पाहिजे. पारख सोपी आहे. हात सरळ पाण्यात घाला. पाणी कोपरापर्यंत आल्यावर तळवा दिसेनासा झाला तर पाणी ठीक. खांद्यापर्यंत हात जाऊनही बोटं दिसत असतील तर शेण वाढवा. मनगटाच्या जरा वर गेल्यावरच तळवा गायब झाला तर शेण आणि खाद्य दोन्ही थांबवा, पाणी जड झालं आहे.

खाद्याला मत्स्यखाद्याच्या गोळ्या सोयीच्या, पण महाग. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समसमान मिसळून चालतं. कोंडा आपल्याकडे लांबून आणावा लागतो, तेव्हा मक्याचा भरडा त्यात चालवून घ्या. सरकी पेंड दारात मिळते म्हणून तीच एकटी देऊ नका, थोडीच मिसळा. ओतून देण्यापेक्षा युरियाच्या रिकाम्या, धुतलेल्या गोणीला खालच्या बाजूला बोट जाईल एवढ्या छिद्रांच्या दोन ओळी पाडा, पेंड भरा आणि काठापासून काठापर्यंत ताणलेल्या दोरीला ती बांधा, अर्धी पाण्यात. मासे गोणीला टोचे मारून खातात. दोन तासांनी गोणी उचला. पेंड उरली असेल तर उद्या तेवढी कमी करा. सप्टेंबरात दिवसाला दीड किलो पुरतं, मार्चपर्यंत ते चार किलोवर जातं, आणि कडाक्याच्या थंडीत निम्म्यावर आणायचं. हंगामाला सगळं मिळून ४०० किलोच्या आसपास खाद्य लागेल.

ढगाळ वातावरणात मात्र खाद्य बंद. हिरवं पाणी दिवसा प्राणवायू तयार करतं आणि रात्री तोच खातं, त्यामुळे प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून गटागट हवा घेताना दिसले तर पंप चालू करून पाणी उंचावरून फवारत परत तळ्यातच सोडायचं, तासभर तरी. यासाठी ठिबकच्या मेन लाईनला तळ्याकडे परत येणारा एक बायपास आजच काढून ठेवा, फार खर्चाचं काम नाही. तुमचा पंप सौरऊर्जेवरचा असेल तर पहाटे चारला तो उपयोगाचा नाही, आणि शेतीच्या थ्री फेज विजेला दिवसा-रात्रीची पाळी असते. म्हणूनच मी आकडा पाचशेवर थांबवला. माणूस आणि वीज दोन्ही हाताशी नसताना तळं आपलं आपण तग धरेल एवढेच मासे त्यात असावेत.

आता ठिबक. चोंदतं का, तर फिल्टर धड नसेल तर चोंदतं. माशांचं तळं म्हणजे शेवाळ आलंच. नुसता जाळीचा फिल्टर चालणार नाही. आधी सॅन्ड फिल्टर, त्यामागे डिस्क किंवा जाळीचा. सॅन्ड फिल्टरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज लावा आणि दोन्हींतला फरक ०.३ ते ०.५ किलोवर गेला की बॅकवॉश घ्या, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवा. माशांच्या तळ्यावर ही वेळ रोज येऊ शकते, आठवड्याचा रिवाज विसरा. महिन्यातून एकदा लॅटरलची (झाडांच्या ओळीतल्या ठिबक नळ्यांची) शेवटची टोकं उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडून द्या.

पंपाचा फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाची झडप) कुठे टांगायचा, यावर ठिबकवाल्यांचं आणि माझं जमत नाही. ते म्हणतात ड्रमला बांधून वरचं स्वच्छ पाणी घ्या, म्हणजे गाळ येत नाही. पण शेवाळ वरच्या थरात असतं, आणि प्राणवायूही तिथेच असतो. वरचं चांगलं पाणी झाडाला आणि तळाचं कुजकं पाणी माशाला, असा तो व्यवहार होतो. मासे असेपर्यंत फुटव्हॉल्व्ह तळापासून तीन फुटांवर ठेवा. प्लास्टिकच्या तळ्यात गाळ तसाही थोडाच असतो, तेवढा सॅन्ड फिल्टर पकडतो. खालचं जड, सत्त्वाचं पाणी झाडाला जातं, माशांचा वरचा थर टिकतो. एप्रिलमध्ये मासे निघाले की मग खुशाल ड्रमला बांधा. फुटव्हॉल्व्हभोवती बारीक जाळीचं कडं मात्र पहिल्या दिवसापासून हवं.

शेवाळ वाढलं की आपल्याकडे पहिला हात मोरचुदाच्या डब्याकडे जातो. तळ्यात मासे असताना मोरचूद नको, ब्लीचिंग पावडरही नको. क्लोरीन किंवा आम्लाची प्रक्रिया ठिबकला लागतेच, पण ती फिल्टरच्या पुढे, बागेकडच्या बाजूला, व्हेंचुरीतून (नळीत खत-औषध ओढून घेणाऱ्या भागातून), फक्त नळ्यांपुरती करायची. व्हेंचुरीच्या मागे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे की नाही ते आज जाऊन बघा. वीज गेली की मेन लाईनमधलं पाणी उलटं फिरतं, आणि त्याबरोबर खताचं किंवा आम्लाचं पाणी तळ्यात उतरतं.

त्याहून मोठा धोका फवारणीचा. सायपरमेथ्रीन, लॅम्डा-सायहॅलोथ्रीन या गटातली औषधं माणसाला तुलनेने सौम्य, पण माशाला अत्यंत जहाल. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉसही माशाला तेवढेच घातक. फवारणी झाल्यावर गडी पंप कुठे धुतो? जिथे पाणी हाताशी असतं तिथे, म्हणजे शेततळ्याच्या काठावर. पंपाच्या तळाशी उरलेलं पाऊण लिटर द्रावण एवढ्या पाण्यात काय करणार, असं वाटतं. सकाळी पांढऱ्या पोटांचा थर तरंगताना दिसतो. फवारणीचं पाणी भरायला आणि पंप धुवायला तळ्यापासून लांब वेगळी टाकी करा, आणि वारा तळ्याकडे असेल त्या दिवशी शेजारच्या ओळी फवारू नका. कपाशीच्या शिवारातून येणारं नाल्याचं पहिल्या पावसाचं पाणीही तळ्यात घेऊ नका. ते वाहून जाऊ द्या, दुसऱ्या-तिसऱ्या पुराचं घ्या, आणि घेताना तोंडाशी बारीक जाळी लावा. नाल्यातून मरळ आत आला तर लहान मासे तोच वेचतो.

खताचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला, पण त्यावर बाजारात जेवढी हवा आहे तेवढी कशावर नाही. हिशेब करून बघू. ४०० किलो खाद्यात २८ टक्के प्रथिनं धरली तर नत्र साधारण १८ किलो. त्यातला तिसरा हिस्सा माशाच्या अंगात जाऊन बाजारात विकला जातो. उरलेला ११–१२ किलो पाण्यात आणि गाळात, त्यातलाही काही हवेत उडतो. झाडाच्या मुळाशी आठ-दहा किलो पोहोचला तर पुष्कळ. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत वीस किलोच्या वर नत्र असतो. म्हणजे हंगामभर मासे पाळून तुमची अर्धी गोणी युरिया वाचला, अनुदानाच्या भावाने सव्वाशे-दीडशे रुपये. बागेची वर्षाची गरज दीडशे किलो नत्राच्या पुढे आहे. 'माशांच्या पाण्याने खत बंद झालं' असं कोणी सांगितलं तर त्याला झाडांची पानं तपासून घ्यायला सांगा. तळाचा गाळ मात्र मोलाचा. मे महिन्यात तळं कोरडं पडेल तेव्हा तो प्लास्टिकच्या किंवा लाकडी फावड्याने खरडून झाडांच्या आळ्यात टाका. लोखंडी फावडं प्लास्टिकला लावू नका.

जिथे माशांचं पाणी खरोखर खताचं काम करतं तिथला पसारा वेगळा असतो. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात माशाबे सादे या किबुत्झमध्ये जमिनीच्या पोटातून कोमट, मचूळ पाणी वर येतं. ते आधी माशांच्या टाक्यांत फिरतं आणि मग ऑलिव्ह, खजूर अशा खारं पाणी सोसणाऱ्या पिकांना जातं. तिथे पाणी वर्षभर येतं, मासे दाटीने पाळलेले असतात, आणि खाद्य टनांनी पडतं, म्हणून पाण्यात सत्त्वही तसं उतरतं. त्या चित्रफिती बघून आपल्या नऊ गुंठ्यांच्या तळ्याकडून तशी अपेक्षा ठेवणं चूक. त्यांच्याकडून घ्यायची ती पाण्याची शिस्त. आणि ती आपल्यालाही नवी नाही. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत धानाचं पाणी आणि ढिवर मासेमारांचे मासे पिढ्यानपिढ्या एकत्र आहेत. पाणी कधी सोडायचं, यावरची तिथली भांडणंही तेवढीच जुनी.

क्षारांबद्दल एक सांगतो, कारण मोसंबी क्षाराला नाजूक आहे. पाणी पंपाने उपसलं तर क्षार त्याच्याबरोबर जातात, पाण्याची खारटी तीच राहते. उन्हाने उडालं तर क्षार मागे राहतात. म्हणून हिवाळाभर विहिरीचं पाणी ओतून भरलेलं ठेवलेलं तळं मार्चपर्यंत विहिरीपेक्षा खारं झालेलं असतं. शेततळी विहिरी-बोअरच्या पाण्याने भरून उन्हात ठेवण्यावर जे टीका करतात, त्यांचं यात चुकत नाही. जमिनीखालचं झाकलेलं पाणी वर काढून सूर्याला द्यायचं आणि वर त्याचा खारटपणा बागेला. विहीर चालू आहे तोवर बागेला थेट विहिरीचं पाणी द्या, तळं पावसाच्या आणि नाल्याच्या पाण्याने जेवढं भरेल तेवढं भरा, आणि विहिरीची भर शक्य तेवढी उशिरा, जानेवारीअखेर घाला. तोवर तळ्यात दोन मीटर पाणी असलं तरी ५०० माशांचं काही अडत नाही.

मासे काढताना प्लास्टिक सांभाळणं हे निम्मं काम. ओढजाळ्याच्या खालच्या कडेला शिसं किंवा दगड असतात, ते प्लास्टिक कापतात. जाळीवाल्या भोई मंडळींना आधीच सांगा की खालची कड जाड दोराची हवी. मार्चमधली पहिली काढणी ओढजाळ्याने करूच नका. खाद्याच्या गोणीपाशी मासे जमतात तिथे फेकजाळं टाका, मोठे ठेवा, लहान सोडा. एप्रिलमध्ये पाणी चार फुटांच्या आत आलं की ओढजाळं. पहाटे काढा, आणि व्यापाऱ्यापेक्षा आधी गावात आणि आठवडी बाजारात विचारा. जिवंत किंवा ताज्या माशाला आपल्या भागात व्यापाऱ्याच्या भावापेक्षा चांगला भाव मिळतो, कारण एरवी येतो तो बर्फातला, आंध्राचा.

पैसे किती? पाचशेतले चारशे जगले, सरासरी ७०० ग्रॅमचे झाले, तर २८० किलो. किलोला शंभर रुपये धरले तर २८ हजार. बी, खाद्य, जाळीवाल्यांचा वाटा वजा करून निम्मे हातात राहिले तर काम चांगलं झालं म्हणायचं. लाखाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी हवा घालणारी यंत्रं, बारमाही पाणी आणि रोजचा माणूस धरलेला असतो. हे चौदा हजार मात्र अशा पाण्यावरचे आहेत, ज्याचा सगळा खर्च मोसंबीने आधीच उचलला आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे, आणि किसान क्रेडिट कार्ड मत्स्यशेतीलाही मिळतं. पण पहिलं वर्ष अनुदानाची वाट न बघता स्वतःच्या खिशातून, छोट्या प्रमाणात करा. पाणकावळे आणि खंड्या मासे पळवू नयेत म्हणून तळ्यावर दीड-दोन फुटांवर नायलॉनचे दोरे ताणले की पुरे.

आणि हे करायच्याही आधी: तळ्याला चारही बाजूंनी कुंपण आणि फाटकाला कुलूप. चारही उतारांवर गाठी मारलेले जाड दोर वरून थेट तळापर्यंत, पक्क्या खुंटीला बांधलेले. हवा भरलेली एक ट्यूब कायम पाण्यावर. ओल्या, शेवाळलेल्या प्लास्टिकवरून पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. दर उन्हाळ्यात आपल्याकडे शेततळ्यांत मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. मासे सोडले की काठावर येणाऱ्या पोरांची संख्या वाढते. खाद्य टाकायला कोणीही एकट्याने जायचं नाही.

आता तुमच्याकडून तीन गोष्टी कळवा: विहिरीच्या पाण्याचा ईसी (क्षार किती ते सांगणारा आकडा) आणि सामू (पीएच), यंदा कोणता बहार धरणार, आणि सॅन्ड फिल्टर किती क्षमतेचा आहे. ईसी २ च्या वर असेल तर मासे राहतील, पण विहिरीची भर किती आणि कधी घालायची ते मोसंबीच्या दृष्टीने पुन्हा मांडावं लागेल. बीची चौकशी मात्र आत्ताच सुरू करा. ऑगस्टमध्ये सगळेच शोधायला निघतात, आणि तेव्हा हातात येते ती बारीक बोटुकलीच.